वाऱ्यावर लावलेली रोपं

वहिनींचा फोन आला तेव्हा धाकटा एका बाईंच्या दारापुढे उकिडवा बसून त्यांचं हटून बसलेलं कुलूप खोलत होता. कुलपं दुरुस्त करणं आणि किल्ल्या बनवणं हा त्याचा धंदा. दातांत एक बारीक तार, हातात पेचकस, अशा अवस्थेत त्याने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला.

"भावोजी, मी बोलतेय."

कित्येक वर्षांत तो आवाज कानावर पडला नव्हता, तरी पहिल्याच शब्दाला त्याने तो ओळखला. दातांतली तार खाली पडली.

"दादा...?"

"नाही नाही, ते आहेत तसेच आहेत. काम वेगळंच आहे, सांगायचीही लाज वाटते. यांची झुकिनीची रोपं आहेत..."

"कसली?"

"झुकिनी हो. काकडीसारखी दिसते ती भाजी. आजारी पडायच्या आधी यांनी कागदी पेल्यांत बिया लावल्या होत्या. मी आपली पाणी घालत राहिले. आता ती पेल्यांत मावेनात, बुडातून मुळं बाहेर आलीत. दिवसभर हे खिडकीकडे बोट दाखवतात आणि जिवाचा आटापिटा करतात. माझी कंबर ही अशी, मला वाकून खणता येत नाही. शेजाऱ्यांना बोलावलं तर यांनी त्यांच्यावर काठी उगारली. आता सांगू कुणाला?"

धाकट्याला भाजीपाल्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तो तसं सांगणारही होता. पण वहिनींनी आजवर त्याच्याकडे काही म्हणता काही मागितलं नव्हतं.

"रविवारी येतो," तो म्हणाला.

दादाला अर्धांगाचा झटका आल्याचं त्याला मावसभावाकडून कळलं होतं. हॉस्पिटलात तो एकदा जाऊनही आला होता. दादा झोपलेला होता. त्याच्या पायाशी थोडा वेळ उभा राहून, कुणी पाहायच्या आत तो जिना उतरला होता. एकाच शहरात राहून दोघा सख्ख्या भावांनी इतका अबोला कसा निभावला, असं लोक म्हणायचे. खरं तर ते फार सोपं होतं. दादा शहराच्या एका टोकाला, हा दुसऱ्या टोकाला. दादाने जन्मभर मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि ज्या इमारतीत त्याची गाडी उभी दिसे तिथलं काम धाकटा घेत नसे.

कारण होतं आईचं. आई दादाकडे असायची. धाकटा तेव्हा कामासाठी लांबच्या शहरात होता. दर आठवड्याला त्याचा फोन जायचा. "आई कशी आहे?" आणि दादाचं उत्तर ठरलेलं, "बरी आहे. एकदम मस्त. तू तुझं बघ." आईशी बोलायचं म्हटलं तर ती झोपलेली असायची, नाहीतर आंघोळीला गेलेली. आणि मग एका दुपारी त्याच आवाजात दादा म्हणाला, "आई गेली रे." धाकटा पोचला तोवर सगळं उरकलं होतं. घरभर माणसं बसलेली. त्या सगळ्यांच्या देखत तो दादाला म्हणाला होता, "माझ्या आईला तू मला शेवटचं भेटू दिलं नाहीस. पुन्हा तुझं तोंड बघणार नाही." दादा मान खाली घालून ऐकत राहिला. उलटून एक शब्द नाही. धाकट्याला सगळ्यात जास्त चीड आली होती ती त्याचीच.

रविवारी दार उघडलं ते वहिनींनी. केस पार पांढरे झाले होते. घर तेच, तळमजल्यावरचं, लांबट. पण बाहेरच्या खोलीतला सोफा जाऊन तिथे पलंग आला होता, न्हाणीघराच्या दाराशी भिंतीत स्टीलचा नवा दांडा बसवला होता, आणि पायपुसणी सगळी काढून टाकली होती. दादा खिडकीजवळ चाकांच्या खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर असा ठेवलेला, जणू कुणी दुसऱ्याने सांभाळायला दिलाय. खिडकीच्या फळीवर कागदी पेल्यांची रांग, आणि प्रत्येकातून दोन जाड गुळगुळीत पानं आणि त्यांच्या मधून वर आलेली खरबरीत, कातरलेल्या कडांची हिरवी पानं.

दादाने त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्याची अर्धी बाजू हलली.

"नाही," तो म्हणाला.

धाकटा जागीच थबकला.

"मनावर घेऊ नका," वहिनी घाईने म्हणाल्या. "आता एवढा एकच शब्द येतो. चहा हवा तरी नाही, नको तरी नाही. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत." मग जरा हसून म्हणाल्या, "जन्मात कधी मला कशाला नाही म्हणाले नव्हते. आता सगळा अनुशेष भरून काढतायत."

धाकट्याला हसू आलं नाही. आल्या कामाला लागावं आणि सुटावं, एवढंच त्याच्या मनात होतं. मागच्या दारी घराला लागून जमिनीची एक पट्टी होती. तिथे त्याने बाह्या सरसावून खणायला सुरुवात केली. वारा सुटला होता. थंडी सरत आली होती, पण त्या वाऱ्याला अजून दात होते. वहिनींनी दादाच्या पायांवर पांघरूण घालून खुर्ची मागच्या दारात आणून ठेवली आणि आपल्याला जे जे आठवत होतं ते सांगायला लागल्या.

"खड्डे लांब लांब घ्या. एकेक झाड हातभर पसरतं. आणि रोप देठाला धरायचं नाही, असं म्हणायचे हे. देठ आतून पोकळ असतो, कटकन मोडतो. आधी पेल्याला पोटभर पाणी पाजायचं, मग मातीच्या गोळ्यासकट अलगद सरकवून काढायचं. आपण घर बदललं हे मुळांना कळताच कामा नये, म्हणायचे."

"नाही!" दादा म्हणाला.

"आता काय चुकलं?" धाकट्याने विचारलं.

"नाही! नाही!" दादाने डावा हात वर करून हवेत फिरवला, मग घराच्या आत बोट दाखवलं, मग पुन्हा बाहेर. वहिनी म्हणाल्या, पाणी हवं असेल. पाणी आणलं, तर त्याने पेला ढकलून दिला. ऊन लागतंय का? टोपी आणली, तर टोपी फेकून दिली. "नाही!" त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"हे बघ दादा," धाकटा खुरपं आपटून म्हणाला, आणि इतक्या वर्षांनी आपण त्याला दादा म्हटलं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही, "मी काही हौसेने आलो नाही. मला येतं तसं करतोय. तुला पसंत नसेल तर राहिलं!"

वहिनींनी दादाची खुर्ची पुन्हा आत, खिडकीशी नेऊन ठेवली. धाकट्याने एकेक रोप लावत नेलं. एक त्याच्या बोटांत मोडलंच. किल्ल्या कानशीने घासून राठ झालेली बोटं ती, पेला फाडताना अंगठा जरा दाबला गेला आणि रोपाने मान टाकली. शेवटच्या तीन पेल्यांसाठी तो आत आला, तर दादाने ते खिडकीवरून ओढून आपल्या मांडीत घेतले होते आणि डाव्या हाताचा विळखा त्यांच्याभोवती घातला होता. धाकट्याने हात पुढे केला तसा त्याने विळखा आणखी घट्ट केला.

"राहू द्या," वहिनी हळूच म्हणाल्या. "लहान मुलासारखं झालंय त्यांचं."

झारीने पाणी घालून होईस्तोवर दिवस कलला, आणि रविवार असल्यामुळे शेवटची बस लवकर गेली होती. वहिनींनी त्याला ठेवून घेतलं आणि त्याचं अंथरूण आईच्या खोलीत घातलं. तो उंबऱ्यावरच घुटमळला. खोलीत आता इस्त्रीचं टेबल होतं आणि दादाच्या औषधांची खोकी. आईचा पलंग मात्र होता तिथेच होता.

"भावोजी, एक बोलू?" उशीला अभ्रा चढवता चढवता वहिनी म्हणाल्या. "तुम्ही त्या दिवशी यांना बोललात, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. तुमचा हक्क होता. पण तुम्हाला वाटतं यांनी तुमच्यापासून लपवलं. अहो, यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितल्यावर हे घरी आले आणि आईंच्या पलंगाचा पाय डुगडुगत होता तो दुरुस्त करत बसले. मला म्हणाले, काही नाही गं, होईल ठीक. बिघडलेली वस्तू कधी ना कधी चालू होतेच, हे यांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. आईंच्या शेवटच्या दिवशीसुद्धा हे दुकानातून नवीन गादी घेऊन आले होते."

"तुम्ही त्याची बाजू घेणारच, वहिनी."

"घेणारच," त्या म्हणाल्या. अभ्रा नीट ओढला आणि दिवा मालवून निघून गेल्या.

सकाळी उजाडताच तो मागच्या दारी गेला. वाऱ्याने आपलं काम केलं होतं. निम्मी रोपं मातीवर लोळत होती, देठ पिळून निघाल्यासारखे. उरलेल्यांची पानं कडांकडून पांढरी पडली होती, कागदासारखी. एक रोप तर जमिनीलगत मोडून पलीकडे उडालं होतं. तो खाली बसला, एकाला मातीचा टेकू दिला, दुसऱ्याला उभं करून पाहिलं. हात काढला की ते पुन्हा आडवं व्हायचं.

मागून वहिनी आल्या आणि तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अगं बाई! आत्ता आठवलं मला," त्या म्हणाल्या. "हे ना, लावायच्या आधी काही दिवस रोपं सकाळी बाहेर नेऊन ठेवायचे आणि संध्याकाळी आत आणायचे. रोज आत-बाहेर, आत-बाहेर. मी हसायचे, म्हणायचे यांना दुसरा उद्योग नाही. वाऱ्याची सवय करत होते हो ते त्यांना. काल बिचारे तेच सांगत होते..."

आदल्या दिवशीचा तो हवेत फिरलेला हात, ते घरात वळलेलं बोट धाकट्याच्या डोळ्यांपुढे आलं. इतक्या नाहींमधला एक नाही अगदी खराखुरा होता, आणि त्या दोघांनी तो टोपीवर घालवला होता.

तो हात धुऊन आत आला. दादा जागा होता. पलंगावर उशीला टेकून बसला होता आणि दाराकडेच पाहत होता. धाकटा दिसताच त्याने भुवया वर केल्या, मागच्या दाराकडे हनुवटी केली. प्रश्न इतका उघड होता की त्याला शब्दांची गरजच नव्हती.

"बरी आहेत," धाकटा म्हणाला. "एकदम मस्त. तू चहा घे."

बोलून झाल्यावर ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. तेच शब्द, तीच घाई, विचारणाऱ्याला दुसरीकडे वळवायची तीच लगबग. त्याने हे ठरवून केलं नव्हतं. समोर तो अर्धा हलणारा चेहरा होता, त्यात आशा होती, आणि जीभ आपसूक वळली होती. तो तसाच चहाची कपबशी हातात धरून उभा राहिला. फोनच्या पलीकडे, आईच्या खोलीच्या दाराशी, दादाही असाच उभा राहिला असेल का, हे त्याने आजवर एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

त्याने कपबशी खाली ठेवली.

"खोटं बोललो," तो म्हणाला. "चल, दाखवतो."

दादाला खुर्चीत बसवून त्याने ती थेट वाफ्याच्या कडेला नेली. दादा बराच वेळ बघत राहिला. मग त्याच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ते पुसायला त्याने हात उचलला नाही.

"तू सांगत होतास. मी ऐकलं नाही," धाकटा त्याच्यापुढे उकिडवा बसला. एरवी तो कुलपापुढे बसतो तसा. "मी मघाशी बरी आहेत म्हटलं ना, ते मला काही सुचेचना म्हणून. तुझ्या तोंडावर सांगायची छाती झाली नाही." त्याने खुर्चीचा हात धरला. "दादा, फोनवर तुझंही असंच व्हायचं का?"

"नाही," दादा म्हणाला.

तोंड नाही म्हणालं आणि मान खाली वर, खाली वर हलत राहिली. थांबेचना. धाकट्याने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि आपल्या खांद्यावर टेकवलं. मागच्या दारात वहिनी उभ्या होत्या, त्या पाऊल न वाजवता आत गेल्या.

दादाने आदल्या दिवशी मांडीत धरलेले ते तीन पेले तेवढे उरले होते. ती रोपं काही हट्टाने धरून ठेवलेली नव्हती, हे आता सगळ्यांना कळून चुकलं होतं. धाकट्याने त्या दिवसापासून दुकान अर्धा दिवस उघडायचं ठरवलं. सकाळी लवकर यायचा, दादाची खुर्ची आणि रोपं मागच्या दारी आडोशाला नेऊन ठेवायचा आणि तिथेच बसायचा. वेळ झाली की दोन्ही आत, मग तो कामावर. पहिल्या दिवशी थोडाच वेळ, मग जरा जास्त, मग आडोशाच्या बाहेर, वाऱ्यात. "दोघांनाही हवा मानवतेय," वहिनी म्हणाल्या, आणि ते खरं होतं. रोपांचे देठ जाड झाले, पानं खरबरीत आणि गडद झाली. दादाच्या गालांवर रंग आला.

लावायचा दिवस दादानेच ठरवला. आभाळ भरलेलं होतं, वारा पडला होता. त्याने डाव्या हाताने धाकट्याची बाही ओढली आणि वाफ्याकडे बोट केलं. या वेळी धाकट्याने एकेक गोष्ट करण्याआधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खड्डा केला, पाहिलं. त्यात कुजलेलं खत घातलं, पाहिलं. पाणी ओतलं, ते जिरेपर्यंत थांबला. मग पेला उलटा करून बुडावर टिचकी मारली, आणि मातीचा ओलसर गोळा त्याच्या तळहातावर आला. पांढरी मुळं त्याच्याभोवती सुतासारखी गुंडाळलेली. दादा खुर्चीतून वाकला आणि त्याने आपला डावा हात त्या गोळ्याखाली घातला. दोघांच्या हातांतून रोप खाली चाललं असताना दादाचे ओठ थरथरले, जीभ दातांवर अडखळली.

"हळू," तो म्हणाला.

वहिनींच्या हातून झारी निसटली. दादा स्वतःच दचकला. मग त्याने तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. "हळू. हळू." रोप मातीत बसलं, पेल्यात होतं तितकंच खोल, देठावर मातीचा कण चढू न देता. धाकट्याला समोरचं धूसर दिसत होतं, पण बोटं त्याने ढळू दिली नाहीत.

त्या तीनपैकी एक रोप गोगलगायींनी फस्त केलं. बाकीची दोन मात्र अशी फोफावली की वाफ्याच्या बाहेर पडून पायवाटेवर आली. पिवळी धमक, मोठाली फुलं आणि त्यांच्या मागे हिरव्या झुकिनी, आज बोटाएवढी तर दोन दिवसांनी मनगटाएवढी. वहिनींनी ती भाजी परतली, उकडली, किसून थालीपिठात घातली, शेजाऱ्यांकडे पोचवली, आणि शेवटी शेजारी त्यांना बघून दार लावून घ्यायला लागले. धाकटा रोज डबाभर घेऊन दुकानात जायचा आणि किल्ली करून घेणाऱ्यांना एकेक झुकिनी हातात द्यायचा.

दादाला नंतर आणखी काही शब्द आले. पाणी, ये, बस, थंडी. पूर्ण वाक्य कधीच आलं नाही. आईबद्दल त्या दोघांत पुढे काही बोलणं झालं नाही, आणि धाकट्याला त्याची उणीवही वाटली नाही.

पुढची थंडी सुरू झाली आणि दादाला दुसरा झटका आला. वहिनींचा फोन आला तेव्हा धाकटा दुकानात होता. समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याने हातातली किल्ली अर्धी कापलेली तशीच यंत्रात सोडली आणि मिळेल त्या गाडीने निघाला. तो पोचला तेव्हा दादा घरीच, शुद्धीवर होता; डॉक्टर तपासून, आता हलवू नका असं सांगून गेले होते. धाकटा पलंगाच्या कडेला बसला, त्याचा डावा हात हातात घेतला, आणि सगळी दुपार तसाच बसून राहिला. मधे एकदा दादाने डोळे उघडले, त्याला ओळखलं, आणि बोटं जरा आवळली. संध्याकाळच्या सुमाराला ती सैल झाली.

वहिनींनी खिडकी लावून घेतली आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या. डॉक्टर पुन्हा येईपर्यंत दोघं तिथेच बसली.